झाडीतले गड : अभ्यासाला निघणाऱ्यांसाठी प्रस्तावना

२०२५ च्या जुलैत पॅरिसला जागतिक वारसा समितीची बैठक झाली आणि मराठ्यांचे १२ किल्ले यादीत दाखल झाले. त्याच आठवड्यात साकोलीकडच्या एका विद्यार्थ्याचा मला फोन आला. "सर, आपला प्रतापगड लागला ना जी?" आवाज इतका खुशीतला, की काय सांगावे ते क्षणभर सुचेना. यादीत लागलेला प्रतापगड जावळीच्या खोऱ्यातला, साताऱ्याकडचा. याच्या मनातला प्रतापगड अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडाऱ्याच्याच पोटात असलेला, महाशिवरात्रीची यात्रा आणि दर्ग्याचा उरूस एकाच डोंगराच्या आसऱ्याने भरवणारा. "नाही रे, तो नाही," म्हणालो. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग प्रश्न आला, "मग आपलावाला कोणत्या यादीत आहे?"

ही प्रस्तावना त्या प्रश्नामुळे लिहायला घेतली. बारापैकी अकरा किल्ले महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. विदर्भातला एकही नाही. याचा राग येणे सोपे आहे, आणि तो आपल्याकडे वर्षातून दोनदा तरी येतो. मला मात्र त्या मुलाचा प्रश्न रागापेक्षा कामाचा वाटला. यादीत किल्ला जातो कसा? कोणीतरी तो आधी नीट पाहिलेला, मोजलेला, लिहून ठेवलेला असतो, म्हणून. आपल्या गडांच्या बाबतीत हे पाहणे-मोजणेच अर्धे राहिले आहे, आणि जे झाले ते बहुतेक परक्या मापाने झाले आहे.

परके माप म्हणजे इंग्रजांचेच असे नव्हे. मराठी माणसाच्या डोळ्यांत किल्ला म्हणजे सह्याद्रीतला किल्ला. खाली तुटलेला काळा कडा, वर तट, ढगात हरवलेली माची. तिथे निम्मी तटबंदी डोंगराने फुकट बांधून दिलेली असते. हा काळा बेसाल्ट नागपूरच्या आसपास संपतो. वैनगंगेच्या खोऱ्यात त्याहून कितीतरी जुना खडक आहे, आणि तुमसरकडे त्यात मँगनीजचे थर आहेत. इथल्या टेकड्या बुटक्या, पाठीला गोल, आणि दोन टेकड्यांच्या मधे धानाच्या बांध्या. कडाच नाही तर कड्यावरचा किल्ला कुठून येणार? इथे गडाचे रक्षण रानाने केले, पाण्याने केले आणि माणसाने रचलेल्या भिंतीने केले. पुण्याकडून आलेल्या एका हौशी मंडळाला आंबागडच्या पायऱ्यांवर "हा काय किल्ला?" असे म्हणताना मी ऐकले आहे. त्यांचा दोष नाही. ते रायगड शोधत होते.

तेव्हा पहिली विनंती ही, की रायगडचा डोळा पायथ्याशी ठेवून वर चढा.

दुसरा डोळा पाण्याचा. भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे शाळेतल्या भूगोलातही असते. या तलावांमागचे राजकारण मात्र पुस्तकात फारसे येत नाही. तलाव बांधण्यात हातखंडा असलेला कोहळी समाज, त्याला उत्तेजन देणारे गोंड राजे, पुढे मालगुजारी, आणि आज सरकारदरबारी 'माजी मालगुजारी' म्हणून व लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' म्हणून उरलेली तळी. धान पाण्यावर आणि सारा धानावर. सानगडीचा किल्ला अशाच मुलखात उभा आहे, शेजारी तळे घेऊन. त्याच्या बुरुजावर उभे राहून शत्रू कुठून येईल असे विचारण्याआधी धान कुठून येत असेल असे विचारून पाहावे. तटाची दिशा, दरवाजाचे तोंड, वस्तीची जागा यांचा उलगडा पुष्कळदा तिथून सुरू होतो. निदान मला तरी या भागातले गड युद्धापेक्षा वसुलीच्या भाषेत जास्त बोलताना दिसले आहेत. यावर वाद घालायला जागा आहे. तो जरूर घाला.

पवनीची गोष्ट वेगळी. तिथे किल्ला आणि गाव हे दोन नाहीतच. तीन बाजूंना तट व खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा, आणि आत हजारो माणसांचे नांदते शहर. घाटांमुळे आणि देवळांमुळे पवनीला 'विदर्भाची काशी' म्हणतात, आणि बाहेरून येणारा माणूस देवळे पाहून परततो. पण या गावाच्या तटाखाली आणि टेकड्यांखाली जे आहे, त्यापुढे महाराष्ट्रातले बहुतेक किल्ले परवाचे ठरतात. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा त्यावरचा अहवाल १९७२ साली विद्यापीठाने काढला. जगन्नाथ टेकडी आणि चांदकापूर इथे विटांचे बौद्ध स्तूप, त्यांच्या कठड्याचे कोरीव दगडी खांब, दान देणाऱ्यांची ब्राह्मी लिपीतली नावे, असा ऐवज त्यातून वर आला. १९९४ साली अमरेंद्र नाथ यांनी पुन्हा उत्खनन केले. त्याआधी महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी इथल्या शिलालेखांवर लिहून ठेवलेच होते. भार वंशातला राजा भगदत्त आणि महाक्षत्रप रुपिअम्म ही नावे आपल्याला पवनीच्या दगडांनी दिली आहेत. इतिहासाच्या पुस्तकात क्षत्रप म्हटले की गुजरात आणि नाशिक आठवते. त्यांच्यातल्या एकाचे नाव वैनगंगेच्या काठी दगडावर सापडावे, हे अजून पुरते पचलेले नाही.

पवनीला गेलात तर एक काम करा. जुनी वीट पाहा. सातवाहनकाळाच्या मागच्यापुढच्या विटा आजच्या विटेसारख्या मुठीत मावत नाहीत. हातभर लांब, वीतभर रुंद, आणि जाडीला मात्र चपट्या. अशा विटा मी घराच्या ओट्यात बसवलेल्या पाहिल्या आहेत, गोठ्याच्या पायरीला पाहिल्या आहेत, एकदा तर तुळशीवृंदावनाच्या चौथऱ्यात. कोणी म्हणेल, चोरी. मला तो शब्द जड वाटतो. नांदत्या गावात दोन हजार वर्षांत वीट एका जागी राहत नाही. अभ्यासकाचे काम घरमालकाला गुन्हेगार ठरवण्याचे नाही. त्याच्या परवानगीने विटेचे माप घेण्याचे आणि 'ही कुठून आणली होती, आजोबांनी काही सांगितले होते का' असे विचारण्याचे आहे.

विचारण्यावरून माझी स्वतःचीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मुलांना घेऊन पवनीच्या तटाचा एक तुकडा मोजत होतो. टेप, पाटी, कागद, सगळा थाट. एक बाई शेळ्या घेऊन चालली होती, ती थांबली.

"का मोजून राह्यले जी?"

"भिंत, काकू."

"अन् खाई?"

मी म्हणालो, खाई पुढच्या वेळी. खरे म्हणजे आमच्या नकाशात त्या जागी मी 'पाणथळ सखल भाग' असे लिहून टाकले होते. ती हसली. "तिच्यातले शिंगाडे खाऊन आमच्या तीन पिढ्या झाल्या. भिंतीनं का देल्लं आमाले?" एवढे बोलून ती शेळ्यांमागे गेली. मुले माझ्याकडे पाहत होती. संध्याकाळी मी तो नकाशा फाडला. खंदक हा किल्ल्याचा अर्धा भाग असतो, हे मी वर्गात शिकवत आलो होतो, आणि प्रत्यक्षात कागदावर त्याला पाणथळ म्हणून मोकळा झालो होतो. कारण साधे आहे. भिंत जुनी दिसते. खंदकात शिंगाडा होता, कमळ होते, मासे होते. तो चालू वापरातला दिसला, म्हणून मला वारसा वाटला नाही.

हे एवढे लांबवून सांगितले, कारण पुढच्या कायद्याच्या भागाशी त्याचा थेट संबंध आहे. त्याआधी इतिहासाचे एक टोक.

'किल्ला कोणाचा?' हा आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, आणि झाडीपट्टीत तो चुकीचा प्रश्न आहे. आंबागड घ्या. तुमसरपासून जवळ, सातपुड्याच्या फुटलेल्या एका टेकडीवर. १७०० च्या सुमारास तो बांधला देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाच्या राजाखान पठाण नावाच्या सुभेदाराने, अशी नोंद चालत आली आहे. याच बख्त बुलंदने १७०२ मध्ये नागपूर वसवले. पुढे गड नागपूरकर भोसल्यांकडे गेला, त्यांनी त्याचा तुरुंग केला, आणि भोसल्यांनंतर इंग्रज आले. गोंड राजा, पठाण सुभेदार, मराठा सरदार, इंग्रज साहेब. यांतला कोणता एक झेंडा वर लावाल?

सानगडीची कथा तर याहून रंगतदार. तो गड आधी चांद्याच्या गोंडांकडे. बख्त बुलंदच्या पदरच्या डोंगरतालच्या ताजखान पठाणाने तो देवगडसाठी जिंकला. १७४३ च्या सुमारास देवगडचे राज्य रघूजी भोसल्यांच्या हाती गेले. राज्य गेले, पण ताजखानाचा मुलगा मुहम्मदखान सानगडी सोडेना. धनी उरला नाही तरी त्याने तीन वर्षे किल्ला लढवला. शेवटी रघूजीने निरोप धाडला, की सानगडी दे आणि सिवनीचा मुलूख घे, वर दिवाण हा किताब घे. मुहम्मदखानाने ते मान्य केले, आणि सिवनीला त्याचे घराणे दिवाण म्हणून नांदले. ही हकीकत सिवनीच्या इतिहासात ठळकपणे सांगितली जाते आणि ज्या सानगडीत ती घडली तिथे फारशी कोणाला ठाऊक नसते. राज्याच्या सीमा बदलल्या की आठवणीही जिल्हाबदल होतात, असा माझा अनुभव आहे.

साधनांचेही तेच झाले आहे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत उभा राहिला, १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. कागद मागे राहिले. म्हणून भंडाऱ्याच्या किल्ल्यावर काम करणाऱ्याने पेशवे दफ्तराआधी मध्य प्रांताची कपाटे उघडावीत. हेन्री कझिन्सने १८९७ साली मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या प्राचीन अवशेषांची यादी छापली. १९०८ चे भंडारा गॅझेटियर आहे. रायबहादूर हिरालाल यांची कोरीव लेखांची सूची आहे. मराठीत यादव माधव काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' आहे, १९३४ चा; तो न वाचता या विषयावर बोलणाऱ्यांची संख्या पाहून काळ्यांना हसू आले असते. गॅझेटियर वाचताना एक सावधगिरी बाळगा. त्यात लढाया आणि राजे भरपूर, पण कोहळी, ढिवर, गोंड, पोवार यांच्या तोंडची गोष्ट एका ओळीत 'अशी दंतकथा आहे' म्हणून उरकलेली असते. भंडारा शहरातल्या जुन्या किल्ल्याबद्दल तो गवळ्यांनी बांधला असे लोक सांगत आले. गवळी राजा खरा की खोटा यापेक्षा, विदर्भात इतक्या ठिकाणी गवळ्यांचेच नाव का निघते, हा प्रश्न एखाद्या प्रबंधाला पुरेल.

आता कायदा. इथे फ्रान्सची एक फेरी मारून येऊ, कारण वारशाच्या कायद्याचा गाडा ज्या देशांत आधी रुळावर आला त्यांतला तो एक. फ्रान्सच्या खेड्याखेड्यांत जुने गड आहेत. त्यांच्या भाषेत 'शातो' हा एकच शब्द तटबंदीच्या गडालाही चालतो आणि जहागीरदाराच्या वाड्यालाही, म्हणजे आपला किल्ला, गढी आणि वाडा एका पोत्यात. प्रॉस्पेर मेरीमे हा कथालेखक. 'कारमेन' ही गोष्ट त्याचीच. सरकारने १८३४ मध्ये त्याला ऐतिहासिक स्मारकांचा महानिरीक्षक नेमले. घोडागाडीतून देशभर हिंडून, पाहून, टिपणे काढून तो अहवाल पाठवत राहिला, आणि १८४० मध्ये पहिली यादी निघाली. १९१३ च्या डिसेंबरात त्यावर पक्का कायदा झाला. या व्यवस्थेत दोन पायऱ्या आहेत: वरची, जिथे खिळा ठोकायलाही सरकारची परवानगी लागते; आणि खालची, जिथे बदल करण्याआधी सरकारला कळवावे लागते. गडाचा मालक खासगी असला तरी हरकत नसते. १९४३ पासून स्मारकाभोवतीच्या ५०० मीटरच्या टापूतल्या बांधकामावरही नजर असते. तिथे सगळे गोड आहे असे नाही. छप्पर गळणारे शातो विकायला काढलेले असतातच. पण खालची पायरी मला हेवा वाटावा अशी वाटते. साध्या, अर्धवट पडलेल्या, फक्त तालुक्याला ठाऊक असलेल्या गडालाही ती कागदावर जागा देते.

आपल्याकडे केंद्राचा कायदा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा. केंद्राच्या यादीतल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम मना आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीने, ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात पक्की झाली. राज्यात केंद्र संरक्षित किल्ले ४७ आणि राज्य संरक्षित ६२, असे शासनाचे आकडे आहेत. आंबागड राज्याच्या यादीत आहे, आणि अलीकडच्या वर्षांत पुरातत्त्व खात्याने त्याची डागडुजीही केली. गावांनी किंवा संस्थांनी स्मारक संगोपनाला घ्यावे म्हणून राज्याची 'महाराष्ट्र वैभव' योजनाही आहे. यादीबाहेरचा किल्ला मात्र नुसता जमिनीचा तुकडा असतो. महसूलचा, वनखात्याचा, नाहीतर कोणाच्या सातबाऱ्यावरचा.

पण यादीत असणे म्हणजे तरी काय? आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी मुदत मिळते, मग अंतिम अधिसूचना राजपत्रात येते. त्या राजपत्रात स्मारकाचे नाव असते, गट क्रमांक असतो, क्षेत्रफळ असते, चतुःसीमा असते. संरक्षण मिळते ते त्या रेघेच्या आत. रेघ काढणाऱ्याने भिंत पाहिली आणि खाईला पाणथळ म्हटले, तर खाई बाहेर राहिली. पुढे तिच्यात भराव पडला, प्लॉट पडले, तर कायदा काहीच करू शकत नाही. शेळ्यावाली बाई मला हेच विचारत होती, हे कळायला मला बराच वेळ लागला. म्हणून तुमच्या गावच्या गडाचे राजपत्र मिळवा, गट क्रमांक भूमी अभिलेखच्या नकाशाशी ताडून पाहा आणि ती रेघ पायाने चालून या. हे काम तज्ज्ञाचे नाही. नववीच्या वर्गाला जमेल.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. जुन्या भिंतीत चुना असतो. चुना श्वास घेतो. पावसाळ्यात ओलावा आत येतो तसा उन्हाळ्यात बाहेर जातो. त्यावर सिमेंटचा लेप दिला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दर्शनी बाजू पापुद्र्यांनी सुटते. उत्साही तरुणांनी श्रमदानातून बुरुजाला सिमेंट लावलेले पाहिले की त्यांना शाबासकी द्यावी की हात जोडावेत, हे कळत नाही. पिंपळाचे रोप उपटण्याआधीही थांबा. वरून ओढले की मुळासकट दोन दगड येतात. कापा, मूळ मारायचे काम खात्याच्या माणसावर सोपवा, आणि तोवर दरवर्षी कापत राहा. झाडू, विळा आणि सातत्य यांत जितके काम होते तितके निधीतही होत नाही.

पुढच्या पानांत एकेका गडाची मोजमापे, कागद आणि लोकांच्या तोंडच्या हकीकती येतील. त्यांत उणिवा आहेत. पवनीच्या खंदकाचा नकाशा नव्याने काढला आहे, पण २०२० च्या ऑगस्टमधल्या वैनगंगेच्या महापुरानंतर काठाची जी पडझड झाली ती त्यात पुरती आलेली नाही. ती कोणीतरी भरून काढावी. त्या विद्यार्थ्याने आता त्याच्या प्रतापगडाचे काम हाती घेतले आहे; यात्रा कोणत्या वाटेने चढते इथून त्याने सुरुवात केली, हे मला आवडले.

पहिली फेरी आंबागडची करा. दिवाळीनंतर जा; धान कापून बांध्या मोकळ्या झालेल्या असतात, गावोगावी मंडई भरते, आणि संध्याकाळी परतताना दंडार पाहायला मिळते. टेप, वही, दोरी आणि गावातले एक जुने माणूस बरोबर घ्या. पाणी खालूनच भरून न्या. वर बालेकिल्ल्यात विहीर आहे, पण भोसल्यांच्या अमदानीत कैद्यांना तिचेच साचलेले, विषारी झालेले पाणी प्यायला लावत, असे सांगतात.